सामाईक खाते, सोळा आणे विहीर आणि न लिहिलेला कागद

हे वाचायच्या आधी एक काम करा. घरातला सातबारा काढा आणि समोर ठेवा. खातेदाराच्या रकान्यात एकाखाली एक तीन-चार नावे आहेत, आणि क्षेत्र मात्र प्रत्येकाच्या नावापुढे वेगळे न लिहिता 'सामाईक क्षेत्र' म्हणून एकच आहे का? असेल तर पुढचे सगळे तुमच्याचसाठी आहे. आणि नसेल, तुमच्या एकट्याचेच नाव असेल, तरी वाचा. कारण तुमच्या मागे मुले आहेत, आणि त्यांचे खाते सामाईक होणारच आहे.

एक प्रकरण सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते अजून तहसील कचेरीत चालू आहे आणि माणसे आपल्याच भागातली आहेत.

वडिलांनी स्वतःच्या कमाईवर घेतलेली १ हेक्टर ६० आर जमीन. मधोमध विहीर, बारमाही पाणी. मुलगे तीन, मुलगी एक. आई आधीच गेलेली. वडील वारल्यावर वारसांची नोंद झाली आणि चारही नावे सातबाऱ्याला लागली. इथपर्यंत सगळे रीतसर. प्रत्येकाचा चौथा हिस्सा, म्हणजे ४० आर जमीन आणि विहिरीत चार आणे. पुढे तिघे भाऊ एकदा बांधावर उभे राहिले आणि तोंडी ठरवून मोकळे झाले. रस्त्याकडचा पट्टा थोरल्याला, विहिरीचा मधला मधल्याला, ओढ्याकडचा धाकट्याला. आणि ताईचे? "ताई काय नांगर धरायला येणार आहे का?" असे म्हणून तिचा चौथा हिस्सा तिघांच्या पट्ट्यांत मुरला. तिला कोणी विचारले नाही. तिनेही कधी तोंड उघडले नाही. राखी-भाऊबीज चालू होती.

वीसेक वर्षे बरी गेली. धाकट्याने ओढ्याकडच्या मुरमाड पट्ट्यात तळ्यातला गाळ आणून टाकला, ठिबक केले, डाळिंब लावले. मग थोरला वारला. मधल्याला मुलीच्या लग्नाचे देणे झाले आणि त्याने आपला हिस्सा बाहेरच्या एका शेतकऱ्याला विकला. खरेदीखतात क्षेत्र लिहिले ४० आर आणि चतुःसीमा लिहिल्या मधल्या पट्ट्याच्या, विहिरीसकट! फेरफाराची नोटीस आली तेव्हा घरात भूकंप झाला. नवा मालक मोटरीला कुलूप लावतो, धाकट्याचा ट्रॅक्टर मधून जाऊ देत नाही, आणि वर वाटपाचा अर्ज करून म्हणतो, "सगळी जमीन नव्याने वाटा. तुमचे बांधावरचे बोलणे मला कुठे माहीत?"

त्याचे सगळेच चूक आहे का? नाही. हेच तर दुखणे आहे.

एकाचा कब्जा तो सर्वांचा

सामाईक जमिनीत प्रत्येक हिस्सेदार कणाकणाचा मालक असतो. तुमचा हिस्सा चौथा असेल तर तो प्रत्येक गुंठ्यात चौथा, विहिरीच्या प्रत्येक घागरीत चौथा. 'हा पट्टा माझा' असे वहिवाटीने म्हणता येते, पण रीतसर वाटप होईपर्यंत मालकीने म्हणता येत नाही. म्हणूनच मधल्या भावाला आपला अविभक्त हिस्सा विकायचा अधिकार होता. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम ४४ तसे सांगते. पण विहिरीचा पट्टा 'माझाच' म्हणून विकायचा अधिकार त्याला नव्हता. विकत घेणारा त्याच्या जोड्यात पाय घालतो, इतकेच. त्याला मिळतो तो चौथा हिस्सा आणि वाटप मागायचा हक्क. सोळा आणे विहीर त्याची होत नाही. (राहत्या घराचे वेगळे आहे. एकत्र कुटुंबाच्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात येऊन राहायचा हक्क नाही, असे हेच कलम सांगते. घराच्या वाटपाचा दावा त्याने लावला, तर त्याचा हिस्सा वाजवी किमतीला परत घ्यायची मुभा १८९३ च्या वाटप कायद्यात घरच्यांना आहे.)

दुसरी बाजूही ऐका. 'मी तीस वर्षे एकटा कसतोय, म्हणजे बहिणीचा हक्क बुडाला' हे गावोगाव ऐकू येते. नुसत्या कसण्याने तो बुडत नाही. सहहिस्सेदारांत एकाचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. हक्क उघडपणे नाकारून तिला बाहेर ठेवले, तिला ते ठाऊक होते आणि मुदत टळली, हे सगळे सिद्ध करावे लागते. बिचाऱ्या राखी-भाऊबीजेने ते सिद्ध होत नाही.

या प्रकरणातली हळहळ वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे, वडिलांकडून वारसाने आलेला हिस्सा एखादा वारस विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. किमतीवर एकमत झाले नाही तर न्यायालय किंमत ठरवून देते. म्हणजे धाकट्याला आणि ताईला तो हिस्सा मागता आला असता. पण ते फेरफाराला हरकत घेऊन बसले, मंडळ अधिकाऱ्यांपुढे तारखा करत राहिले, आणि दिवाणी न्यायालयाची वाट त्यांना कोणी दाखवलीच नाही. फेरफाराची नोंद ही महसुलासाठी असते. मालकीचा वाद तिथे सुटत नाही. तुमच्या घरात असे घडले तर वकिलाकडे पहिल्याच आठवड्यात जा.

वाटप करायचे की सामाईक ठेवायचे?

सगळ्यांत स्वच्छ मार्ग म्हणजे सरस-निरस वाटप. सगळे राजी असतील तर नोंदणी केलेले वाटणीपत्र करा. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय घेतला. खर्चाची सबब त्यामुळे फारशी उरलेली नाही. दुसरा मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम ८५. कोणत्याही सहहिस्सेदाराला वाटपासाठी अर्ज करता येतो. तहसीलदार सगळ्यांना नोटीस काढतात, म्हणणे ऐकतात, मोजणी होते. पण कोणी मालकीचाच प्रश्न उभा केला तर दिवाणी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ते काम थांबते. तिसरा मार्ग म्हणजे दिवाणी दावा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी लावलाय त्यांना विचारा.

पण वाटप नेहमी करता येतेच असे नाही, आणि शहाणपणाचे असतेच असेही नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र ठरलेले आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. आता वरच्या थोरल्या भावाचे घर घ्या. मागे विधवा, दोन मुलगे, दोन मुली. चाळीस आराचे पाच समान भाग केले तर वाट्याला आठ-आठ आर, म्हणजे बागायतीचीही मर्यादा गाठत नाही. शिवाय आठ आराच्या पट्टीत नांगर वळवायचा कुठे? अशा घराने जमीन एकत्रच ठेवावी हे बरे. पण एकत्र ठेवायची म्हणजे तोंडी ठेवायची असे नव्हे.

इथेच आपल्याकडे सगळ्यांत मोठी चूक होते. वाटणी करायची तरच कागद करायचा, अशी आपली समजूत आहे. खरे म्हणजे वाटणी करायची नसेल तेव्हाच कागदाची गरज जास्त. वाटणी झाली की बांध बोलतो, मोजणीचा नकाशा बोलतो. सामाईकात बोलणारे कोणीच नसते.

कागदात काय लिहावे

याला वहिवाटीचा करार म्हणा, कौटुंबिक व्यवस्थापत्र म्हणा, नावापेक्षा मजकूर महत्त्वाचा. पहिली गोष्ट म्हणजे सह्या. सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या, आणि सातबाऱ्यावर नसून हक्क असलेल्यांच्याही. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे ए.कु.मॅ. असते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो एकटा मालक नव्हे. त्याच्यामागे किती भाऊ दडलेत ते जुना फेरफार काढल्याशिवाय कळत नाही. आधी ती नावे तहसीलदारांकडे अर्ज करून लावून घ्या. कित्येक ठिकाणी बहिणींची नावे 'इतर हक्कात' टाकून ठेवलेली दिसतात, तीही नीट पाहा. वाडवडिलार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क आहे. महाराष्ट्राने तसा कायदा १९९४ सालीच केला, केंद्राने २००५ साली. आणि वडील २००५ ला हयात असोत वा नसोत, हक्क आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. त्याच निकालात हेही आहे, की 'आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली' हे म्हणणे सहजासहजी मानले जाणार नाही, त्याला भक्कम सरकारी कागदाचा आधार लागेल. तेव्हा ताईला बाजूला ठेवून केलेला कागद हा कागदच नव्हे. तिला हक्क सोडायचा असेल तर तिच्या खुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. आणि सोडायचा नसेल तर तिचे नाव आणि तिचा वाटा लिहा. खंडाने किंवा अर्धेलीने भावाने कसायचा असेल तर तसे लिहा, किती पोती, कोणत्या महिन्यात, हेसुद्धा.

मयत हिस्सेदाराची मुले अज्ञान असतील तर जास्त जपा. त्यांचा वाटा आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा सोडता येत नाही.

त्यानंतर कोण कुठे कसतो त्याचा हातनकाशा. गट नंबर, बांध, झाडे, गोठा, पाइपलाइन कुठून जाते ते. नकाशाखाली स्पष्ट लिहा की ही वहिवाट सोयीसाठी आहे, मालकीचे वाटप नव्हे. आणि पुढे केव्हा वाटप झालेच तर ज्याने जो पट्टा सुधारला तो शक्यतो त्याच्याच वाट्याला धरावा, कमी-जास्त क्षेत्र पैशाने भरून काढावे. हे एक वाक्य लिहिलेले असते तर वरच्या धाकट्याची आज झोप उडाली नसती. वाटप करताना कोणी काय सुधारणा केली हे न्यायालय विचारात घेते, नाही असे नाही, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही.

रस्ता फुटात लिहा. 'पूर्वापार वहिवाटीचा रस्ता' या शब्दांवर तालुक्याच्या कोर्टात किती कागद खर्ची पडला असेल! आजोबांच्या वेळी त्यावरून बैलगाडी जात होती, आज उसाची ट्रॉली आणि हार्वेस्टर जातो. बारा फूट ठेवायचा तर बारा फूट लिहा आणि कोणाच्या बाजूने किती घ्यायचा तेही.

आता विहीर. वाटप झालेल्या घरांतसुद्धा विहीर सामाईकच राहते आणि भांडण तिथूनच पेटते. आणेवारी लिहा. पाळी लिहा, पण ती आजच्या विजेच्या हिशोबाने लिहा. शेतीला वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सोमवार-मंगळवार एकाचा, बुधवार-गुरुवार दुसऱ्याचा असे ठरवले की एकाच्या नशिबी कायम रात्रीचे दारे धरणे येते, साप-विंचवासकट. त्यापेक्षा एकेक दिवसाची पाळी ओळीने धरा. हिस्सेदार तीन असोत की चार, सात दिवसांच्या आठवड्यात पाळी आपोआप पुढे सरकते आणि दिवस-रात्र सगळ्यांना सारखी मिळते. आमच्या ओळखीच्या एका घराने हे केले आणि त्यांचे अर्धे भांडण तिथेच मिटले. पाळीच्या दिवशी वीज गेली तर पाळी बुडाली की पुढे ढकलली, हे लिहायला विसरू नका.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे, त्यामुळे बिलावरची धुसफूस सध्या थंड आहे. पण मोटर जळते, केबल चोरीला जाते, स्टार्टर बदलावा लागतो. कनेक्शन एकाच्या नावावर, खर्च कोणाचा? आणेवारीप्रमाणे खर्च, आणि ज्याने महिनाभरात पैसे दिले नाहीत त्याची पाळी तोवर बंद, असे लिहिलेले असावे. गाळ काढणे, विहीर खोल करणे, आडवे बोअर मारणे यालाही हाच नियम. एकाने पदरचे पैसे घालून विहीर खोल केली तर वाढलेले पाणी कोणाचे, यावर भाऊ भावाच्या अंगावर गेलेला मी पाहिला आहे.

पीककर्जालाही हेच. सोसायटीत सामाईक खात्यावर बाकीच्यांचे संमतीपत्र मागतात आणि एकजण अडून बसला की पेरणी कर्जावाचून जाते. तेव्हा कोणी किती मर्यादेत कर्ज घ्यायचे आणि बोजा फक्त त्याच्याच हिश्श्यावर चढवायचा, याला आधीच संमती घेऊन ठेवा. रस्त्यात किंवा कालव्यात जमीन गेली तर मोबदल्याचे काय, तेही. हिश्श्यावर वाद निघाला की ती रक्कम वाद मिटेपर्यंत अडकून पडते. पैसा आहे आणि हाताला लागत नाही, ही तऱ्हा.

शेवटी विक्री. कोणाला विकायचे झाले तर आधी बाकीच्या हिस्सेदारांना लेखी कळवायचे, अमुक दिवस वाट पाहायची, किंमत कशी ठरवायची ती रीतही लिहायची. 'कधीच वाटप मागणार नाही' असे मात्र लिहून घेऊ नका. वाटप मागणे हा हिस्सेदाराचा मूळ हक्क आहे, जन्मभराच्या अशा कबुलीचा भरवसा धरता येत नाही. पाच-सात वर्षांची मुदत घाला, पुढे पुन्हा बसा.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

हा कागद शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून लोक निर्धास्त होतात. स्थावरात हक्क निर्माण करणारा किंवा सोडणारा कागद १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदलाच पाहिजे. नोटरीने फक्त सही कोणाची ते कळते. कुटुंबात आधीच तोंडी झालेल्या व्यवस्थेची नुसती आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदवावा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली म्हटलेले आहे खरे. पण तुमचा कागद 'आठवण' आहे की 'हक्क देणारा' आहे, यावरच मग दहा वर्षे वाद चालतो. आमचे म्हणणे सरळ आहे: नोंदवून टाका. मुद्रांक किती लागेल ते कागदाच्या प्रकारावर आहे, ते तिथेच विचारा.

गावकामगार मंडळींनाही दोन शब्द. तलाठी भाऊसाहेब (२०२४ पासून तुम्ही ग्राम महसूल अधिकारी झालात, पण गावाच्या तोंडी तेच नाव आहे), वारसनोंदीला लोक येतात तो दिवस मोठा मोलाचा असतो. सगळे वारस एका ठिकाणी तेव्हाच भेटतात. लेकी-बहिणींची नावे कोणी गाळत नाही ना एवढे पाहा, आणि विहिरीची आणेवारी इतर हक्कात आहे का तेही. फेरफारावर हरकतीला पंधरा दिवस असतात; नोटीस सहीपुरती न राहता घरात वाचली जाईल असे बघा. सरपंच आणि तंटामुक्त समितीने मिटवलेले वादही पुष्कळदा नुसत्या वहीत राहतात. तडजोडीत कोणाचा हक्क इकडचा तिकडे होत असेल तर पुढच्याच आठवड्यात त्यांना दुय्यम निबंधकाकडे पाठवा.

वरच्या प्रकरणात आता असे झाले आहे की ताईने पहिल्यांदाच तोंड उघडले. वाटपाच्या सुनावणीला ती स्वतः आली आणि तिने लेखी दिले: माझे ४० आर ओढ्याकडे, धाकट्याच्या बागेला लागून द्या. त्यामुळे बाग, गाळ आणि ठिबक एका बाजूला राहण्याची आशा निर्माण झाली आहे. नव्या मालकानेही विहिरीत चार आणेच आपले हे पुढच्या तारखेला कबूल केले. रस्त्याचे बारा फूट मात्र अजून ठरायचे आहेत. मोजणीची फी भरली आहे, मोजणीदार यायचा आहे, आणि तोवर डाळिंबाला पाणी धाकटा शेजाऱ्याच्या बोअरवरून विकत घेतोय.